तीन सेलची बॅटरी

आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात. आत जातात ते सेल, हातात येते ती बॅटरी. ‘विजेरी’ हा शब्द मला शाळेच्या पुस्तकात भेटला. घरात तो कुणाच्या तोंडी कधी आला नाही. “बॅटरी घे रे बरोबर,” असं आई म्हणाली की हात पडवीतल्या खुंटीकडे जायचा. तिथे आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तीन सेलची पितळी बॅटरी टांगलेली असायची. मागच्या कडीत नायलॉनच्या दोरीचा फास. वरून निकेलचा मुलामा, पण जिथे अंगठा बसतो तिथला उडून पितळ उघडं पडलेलं. अंगावरच्या उभ्या रेघांत वर्षानुवर्षांचा मळ. आणि डोक्याच्या कडेला आजोबांचं नाव, ठिपक्याठिपक्यांचं, भांड्यांवर घालतात तसं. १९७८ साली विहिरीवर मोटर बसली, त्याच वर्षी आजोबांनी ती जुन्नरच्या बाजारातून आणली आणि येता येता भांडीवाल्याकडून नाव घालून घेतलं.

मोटर आली तशी रात्रही आली. शेतीची लाईट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की जेवण करून निघायचं आणि पहाटेपर्यंत दारं धरायची. ज्यांनी दारं धरलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीचं पाणी पाटाने येतं. एक सरी भरत आली की खोऱ्याने मातीची ढेकळं ओढून तिचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण पाणी सरीच्या शेवटाला पोचलं का, मध्येच वरंबा फुटून शेजारच्या सरीत तर जात नाही ना, उंदराच्या बिळात मुरत तर नाही ना, हे सगळं अंधारात, घोट्याएवढ्या चिखलात उभं राहून बघायचं असतं. एका हातात खोरं, दुसऱ्यात बॅटरी. खोरं दोन्ही हातांनी मारायचं असलं की बॅटरी काखेत जाते आणि उजेड मागे कुठेतरी ज्वारीच्या धाटांवर पडतो.

त्यात आमच्या भागात ऊस, आणि उसात बिबट्या. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, यावरूनच इथे माणूस आणि बिबट्या किती जवळजवळ राहतात ते कळावं. आप्पा बांधावर चढले की आधी बॅटरीचा झोत उसाच्या कडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवतात. डोळे चमकतात का बघतात. मगच खाली उतरतात. आणि पाऊल टाकायच्या आधी पायापुढची जमीन बघतात, कारण घोणस वाळल्या पाचटात पडली की पाचटासारखीच दिसते.

लहानपणी माझं काम मोटरीपाशी बसायचं. आप्पा दुसऱ्या टोकाला, मध्ये सगळं रान. हाक मोटरीच्या आवाजात ऐकू यायची नाही. म्हणून खूण ठरलेली होती: लांबून झोत माझ्याकडे दोनदा आला की मोटर बंद करायची. एकदाच आला तर काही नाही, ते नुसतं विचारतायत, जागा आहेस ना. मग मी उठून कंदील वर धरायचा. ती एकदाची पिवळी उघडझाप मी किती रात्री पाहिली असेल. बल्बची तार विझताना लगेच विझत नाही, लाल होत होत जाते. ते लांबून बघताना कुणीतरी डोळा हळूच मिटल्यासारखं वाटायचं.

सेल हे तेव्हा घरातलं मोलाचं सामान होतं. तिन्ही एकदम बदलायची चैन नव्हती. उजेड पिवळा पडला की सेल काढून दिवसभर पत्र्यावर उन्हात ठेवायचे, आणि खरोखरच रात्री तासभर जास्त उजेड मिळायचा. ऊब मिळाली की आतली मंदावलेली रासायनिक क्रिया थोडी वेग घेते, हे नंतर कळलं. पूर्ण संपलेले सेल आम्हा पोरांचे. दगडाने फोडायचे. आतली काळी कांडी फरशीवर लिहायला, आणि काळी भुकटी शाळेत न्यायला. कुठलासा पाला वाटून त्यात ती कालवायची आणि फळा काळा करायचा. सेल फोडताना बाहेरचं जस्ताचं डबडं आतून कुरतडल्यासारखं, कागदाएवढं पातळ झालेलं असायचं. ते डबडं म्हणजेच सेलचं ऋण टोक. सेल वीज देतो तो ते जस्त खाऊनच. म्हणून विसरलेला सेल पाझरतो आणि बॅटरीच्या पोटात हिरवा काट चढतो. आप्पांनी मात्र ही बॅटरी कधी पाझरू दिली नाही. हंगाम संपला की सेल काढून फडताळात, बॅटरी रिकामी खुंटीवर.

गेल्या दिवाळीत मी घरी गेलो तर खुंटी मोकळी आणि बॅटरी कोनाड्यात. बल्ब गेला होता, आणि बल्ब मिळत नव्हता. नारायणगावात चार दुकानं फिरले म्हणे. एकाने शेवटच्या खोक्यातून दोन काढून दिले, ते दोन सेलच्या बॅटरीचे; तिसऱ्या रात्री तार तुटली.

मधल्या वर्षांत मी त्यांना चार्जिंगच्या दोन बॅटऱ्या आणून दिल्या होत्या. पहिली वर्षभर छान चालली, मग पंधरा मिनिटांत मान टाकायला लागली. आतली बॅटरी बदलायची सोय नाही, कारण डबा चिकटवलेला. दुसरीचं तेच. डोक्याला बांधायची बॅटरी आमच्याकडे आता पुष्कळ जण वापरतात, ती खरंच सोयीची आहे, हात मोकळे राहतात. पण आप्पांना ती सोसली नाही. किडे डोळ्यांवर येतात, आणि समोरच्याशी बोलायला मान वर केली की त्याचे डोळे दिपतात. त्यांना त्यांची तीच बॅटरी हवी होती: वजनाची, त्याच जागी खटका असलेली, गावच्या दुकानात मिळणाऱ्या सेलवर चालणारी. मी म्हटलं, “आप्पा, मी हिच्यात एलईडी बसवून देतो.” ते म्हणाले, “बसव. पण मोडू नको.”

पुण्याला आणून मी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडली. मागचं टोपण फिरवलं तर स्प्रिंगच्या मधोमध कापडाची गुंडाळी. जुन्या धोतराची चिंधी होती, आणि तिच्यात एक बल्ब. जादा बल्ब ठेवायची ती जागा. कधीतरी ठेवलेला आणि विसरलेला. त्याच्या पितळी आट्यावर बारीक अक्षरं होती: ३.८ व्होल्ट, ०.३ अँपिअर. मी तो लावला नाही. पुन्हा चिंधीत गुंडाळून बाजूला ठेवला.

पहिल्या वेळी मी सोपी वाट धरली. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्यांत नऊ पांढऱ्या एलईडींची गोल चकती तयार मिळते. तीन सेलचे साडेचार व्होल्ट तिला पुरतात. दोन तारांना डाग दिला, चकती काचेच्या मागे बसवली, झालं. खटका ओढला आणि स्वयंपाकघर दुधासारखं पांढरं झालं. मला फार आनंद झाला. त्याच शनिवारी गावी नेली.

आप्पा रात्री घेऊन गेले. सकाळी आले ते काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर म्हणाले, “उजेड लय हाये. पण दिसत काय नाय.”

मी विचारलं म्हणजे काय. ते मला रात्री बरोबर घेऊन गेले. पौषातली थंडी, पाटावर धुकं उतरलेलं. त्यांनी खटका ओढला. सगळा उजेड आमच्याच भोवती पसरला आणि धुक्यावरून परतून आमच्याच डोळ्यांत आला, जणू पांढऱ्या खोलीत उभे आहोत. पलीकडे वीस पावलांवर काळोख. “आता चिंच दाखव,” ते म्हणाले. बांधाच्या टोकाला शंभर पावलांवर आमची चिंच आहे. जुन्या बॅटरीने तिच्या फांद्या मोजता यायच्या. या बॅटरीत चिंचच नव्हती. मग त्यांनी उजेड पायाशी धरला. “आता ही माती बघ.” ओली आणि कोरडी माती एकाच राखाडी रंगाची दिसत होती. पाणी कुठपर्यंत आलंय ते कळायला वाकावं लागत होतं. “माती मेल्यासारखी दिसती,” ते म्हणाले. “यात घोणस पडली असंल तर मला दिसंल का?”

मी काहीच बोललो नाही. त्यांचं खरं होतं.

परतल्यावर मला बॅटरीची वाटी नीट बघावीशी वाटली. वाटी म्हणजे रिफ्लेक्टर. काचेमागची ती चकचकीत वाटी बाजूला काढून उन्हात धरली. पुसायची नाही, नुसती फुंकर मारायची. कापड लावलं तरी तिच्यावर चरे पडतात. माझ्या चकतीने तिला पार निकामी केलं होतं. त्या नऊ एलईडींना प्रत्येकी आपापलं भिंग असतं, उजेड सरळ पुढे जातो, वाटीच्या अंगाला लागतसुद्धा नाही. पन्नास वर्षं जे काम त्या वाटीने केलं ते मी काढून घेतलं होतं.

तिचा आकार मी आधी कुठे पाहिला होता हे आठवलं तेव्हा फार बरं वाटलं. आमच्या घरापासून लांब नाही, खोडदला जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण आहे. खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली. तारेच्या जाळीच्या तीस तबकड्या, एकेक ४५ मीटर व्यासाची, काही खोडदच्या माळावर जवळजवळ आणि बाकीच्या लांब लांब पसरलेल्या. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला ती सगळ्यांना बघायला खुली असते. शाळेतून आम्हाला नेलं होतं. तबकडीच्या वर चार खांबांवर एक लहानशी पेटी असते, आणि तिथल्या ताईंनी सांगितलं होतं की आभाळातून आलेल्या लहरी तबकडीच्या अंगावर कुठेही पडोत, वळून तिथेच गोळा होतात. त्या जागेला नाभी म्हणतात. आकार पॅराबोलाचा असल्याचा तो गुण. बॅटरीची वाटी हीच तबकडी, उलट चालवलेली. नाभीत दिवा ठेवला तर वाटीला लागलेला सगळा उजेड एका दिशेने, सरळ, लांब जातो. नाभीपासून दिवा दोन मिलिमीटर सरकला तरी झोत फिसकटतो. आजोबांच्या बल्बची तार त्या नाभीत होती. म्हणून शंभर पावलांवरची चिंच.

आप्पांना फोनवर हे सांगितलं. खोडदची तबकडी त्यांनी रोज एसटीतून पाहिलेली. ते म्हणाले, “म्हणजे दिव्याची जागा चुकली.” एवढंच.

दुसऱ्या वेळी मी घाई केली नाही. एकच एलईडी घ्यायचा, एक वॅटचा, आठ मिलिमीटरच्या चकतीवर बसवलेला, म्हणजे वाटीच्या बुडाच्या भोकातून तो वर डोकावेल. आणि उबदार रंगाचा. दुकानदाराने दोन्ही समोर ठेवले, थंड पांढरा आणि पिवळसर. न पेटलेला एलईडी जवळून बघण्यासारखा असतो. मधोमध हळदीचा ठिपका ठेवल्यासारखा दिसतो. त्या हळदीखाली निळा उजेड देणारा कण असतो. निळ्यातला काही भाग तो पिवळा लेप गिळतो आणि पिवळा करून सोडतो. दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. लाल एलईडी १९६२ साली निक होलोन्याक यांनी केला. निळ्यासाठी आणखी तीस वर्षं गेली. गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक काही केल्या वाढत नव्हते. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांनी ते जमवलं, आणि २०१४ चं भौतिकीचं नोबेल त्यांना मिळालं. उबदार रंगाच्या एलईडीत हा लेप जाड आणि थोडा नारिंगीकडे झुकणारा असतो. त्यात उजेड थोडा कमी मिळतो, पण तांबडा रंग जास्त येतो. आणि आमची माती तांबूस. मी पिवळसर घेतला.

मग हिशेब. बल्बला सेल सरळ जोडता येतात, एलईडीला तसं चालत नाही. त्याला साधारण ३.२ व्होल्ट लागतात, आणि त्यावर थोडे जरी जास्त मिळाले तरी तो भसाभस वीज ओढतो आणि जळतो. मध्ये वीज आवरणारा रेझिस्टर हवा. तीन सेलचे कागदावर साडेचार व्होल्ट. पण खटका ओढून मीटर लावला तर ताज्या सेलचेही ४.२ च भरत होते, कारण सेलच्या आतही थोडा अडथळा असतो. ४.२ मधून ३.२ गेले, उरला एक व्होल्ट. वीज किती द्यायची? मी ०.३ अँपिअर ठरवली, जुन्या बल्बवर लिहिलेली तीच. एकाला ०.३ ने भागलं की ३.३ ओहम. नारिंगी, नारिंगी, सोनेरी असे पट्टे असलेला तो रेझिस्टर शेंगदाण्याहून लहान असतो. सेलवर ओझं पूर्वीइतकंच राहणार होतं आणि उजेड कित्येक पटीने वाढणार होता. तारेच्या बल्बमध्ये विजेचे शंभरातले पाच भागसुद्धा धड उजेड होत नाहीत, बाकी सगळी उष्णता.

एलईडीही तापतो, पण त्याची ऊब उजेडाबरोबर पुढे जात नाही, मागे बुडात साठते. ती काढून नेली नाही तर तो मंदावतो आणि लवकर मरतो. यासाठी नारायणगावच्या एका लेथवाल्या मित्राकडून मी पितळेचा लहान खांब करून घेतला. खाली जुन्या बल्बसारखा आटा, वर आठ मिलिमीटरची सपाट जागा, मध्ये आरपार भोक. चकती वर चिकटवली, खाली मलम लावून, म्हणजे ऊब पितळेत उतरेल. तिथून वाटीच्या कड्यात आणि तिथून बॅटरीच्या सगळ्या अंगात. रेझिस्टर नळीत घालून त्या भोकात. जुन्या वस्तूचा हा मोठा गुण मला तेव्हा कळला. प्लास्टिकच्या डब्याला जे जमलं नसतं ते आजोबांच्या पितळेने आपोआप केलं. एकच गोष्ट नवी होती: बल्बला उलटसुलट नसतं, एलईडीला असतं. सेल उलटे घातले तर पेटणार नाही. मी टोपणाच्या आत रंगाने अधिकचं चिन्ह काढून ठेवलं.

नाभी शोधायला गावातच बसलो. गोठ्याची चुन्याची भिंत, दहा पावलांवर मी. पहिल्यांदा भिंतीवर मोठं कडं पडलं आणि मध्ये काळा डाग. खांब अर्धा आटा वर घेतला. कडं लहान झालं. आणखी अर्धा. डाग बुजला. पाव आटा जास्त झाला की पुन्हा कडं. असं करता करता एका जागी कडं आपल्यातच मिटलं आणि भिंतीवर पिवळा, ताटलीएवढा गोळा उभा राहिला. भोवती फिकट उजेड राहिला होता, कारण एलईडी तारेसारखा चारी बाजूंना उजेड टाकत नाही. तो फक्त पुढच्या अंगाला टाकतो, आणि त्यातला जो वाटीला लागतच नाही तो पसरतो. हा दोष मला घालवता आला नाही. मागे आप्पा उभे होते हे मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, “राहू दे तेवढा. पाय दिसत्यात.”

टोपण लावताना मी ती चिंधी बाजूला ठेवली होती. त्यांनी ती उचलली, बल्ब उजेडाकडे धरून तार शाबूत आहे का बघितलं, पुन्हा गुंडाळला आणि स्प्रिंगमध्ये सारला. मी म्हटलं, आता लागणार नाही. “असू दे. त्याला काय खायला लागतंय?”

त्या रात्री अकराला लाईट आली. उसाच्या लागणीला पाणी द्यायचं होतं. मी मोटरीपाशी बसलो, तीस वर्षांपूर्वी बसायचो त्याच दगडावर. आप्पा बांधावर चढले, उसाच्या कडेने झोत फिरवला, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. धुक्यात तो झोत काठीसारखा दिसत होता. चिंचेवर जाऊन थांबला. फांद्यांवर बगळे बसले होते, तेसुद्धा मला मोटरीपासून दिसले. मग झोत खाली आला आणि सरीत पडला. पाण्याची पहिली जीभ कोरड्या मातीवरून पुढे सरकत होती, तिची कड पिवळी लकाकत होती, आणि तिच्या मागची भिजलेली माती गडद तांबडी झाली होती. आप्पा वाकले नाहीत. उभ्यानेच चालत राहिले.

मधूनमधून खोऱ्याचा आवाज यायचा. मग बराच वेळ नुसती मोटर. दीडच्या सुमाराला लांबून झोत माझ्याकडे आला आणि गेला. एकदाच. तो जाताना पूर्वीसारखा लाल होत गेला नाही, एकदम मिटला. मी उठलो. कंदील नव्हता, मोबाईलचा दिवा लावून हात वर केला. पलीकडे पुन्हा खोरं चालू झालं.

साडेतीनला झोत दोनदा आला. मी स्टार्टरचं लाल बटण दाबलं. पाटातलं पाणी थोडा वेळ वाजत राहिलं, मग तेही थांबलं, आणि उजेड बांधावरून घराकडे यायला लागला.